'पगार' फारसी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात 'पगार नको, वेतन म्हणा' या मथळ्याचं एक पत्र आलं आहे. 'पगार' हा शब्द फारसीतून आला, तो दरबारी चाकरीची खूण आहे, म्हणून शाळेच्या पुस्तकांतून तो काढावा आणि सगळीकडे 'वेतन' छापावं, असं त्या वाचकांचं म्हणणं. पत्र तळमळीनं लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याला तेवढ्याच तळमळीनं उत्तर द्यावंसं वाटलं. १९७१ साली परळच्या एका कापडगिरणीच्या पगार खात्यात मी कारकून म्हणून लागलो आणि गिरणीला कायमचं टाळं लागेपर्यंत तिथेच होतो. हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल याची मोजदाद नाही. तो फारसी नाही.

फारसी-अरबीतून आलेले या अर्थाचे शब्द आपल्याकडे होते. तनखा, रोजमुरा, मुशाहिरा. पेशवाईतल्या कागदांत ते भेटतात. मुशाहिऱ्यात तर महिना या अर्थाचा अरबी शब्दच दडलेला आहे, म्हणजे दरमहा मिळणारं ते. पत्रलेखकांच्या मनात बहुधा हेच शब्द असावेत. ते बोलण्यातून जवळजवळ गेले आणि पगार राहिला. पगार आला पोर्तुगीजांकडून, तोही समुद्रमार्गे, आमच्या वसई-चौल-गोव्याच्या किनाऱ्यावर.

गोव्यात बार्देशातल्या आसगावात १८५५ साली जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू मोन्सिन्योर सेबॅस्टियाव रोडोल्फो दालगादो यांनी आशियातल्या भाषांमध्ये शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश केला. तो १९१३ साली पोर्तुगालात कोइंब्रा इथे छापला गेला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याहून निघालं. ते भाषांतर मी मुंबईच्या एका जुन्या ग्रंथालयात बसून चाळलं आहे. पानाला बोट लावलं की तुकडा पडेल अशी स्थिती होती. त्यात कोकणी, मराठी, गुजराती अशा भाषांपुढे 'पगार' नोंदलेला आहे. पोर्तुगीजमध्ये मात्र 'पगार' हे नाम नाही, क्रियापद आहे. त्याचा अर्थ पैसे देणं, चुकते करणं. महिन्याच्या पगाराला लिस्बनमध्ये सालारियु म्हणतात, ऑर्देनादु म्हणतात. पगार म्हणत नाहीत. 'देणे' या क्रियेचं 'मिळणारी रक्कम' हे नाम आपल्या माणसांनी केलं. कसं केलं असेल? माझा तर्क असा की गढीच्या, गलबताच्या, चर्चच्या बांधकामावर राबणाऱ्या इथल्या माणसाला साहेबाच्या बोलण्यातला एकच शब्द नेमका कळणं आवश्यक होतं, आणि तो त्यानं उचलला. त्या शब्दाभोवतीच्या बाकीच्या व्याकरणाशी त्याला कर्तव्य नव्हतं.

कुणी म्हणेल, स्पॅनिशमध्येही हाच शब्द आहे, मग तो पोर्तुगीजच कशावरून? प्रश्न बरोबर आहे, आणि १५८० ते १६४० ही ६० वर्षं तर स्पेनचा राजाच पोर्तुगालच्याही गादीवर होता. पण राजा एक असला तरी आपल्या किनाऱ्यावरचा कारभार पोर्तुगीजांचाच राहिला. दुसरं, कान देऊन ऐकलं तर फरक कळतो. माझी मुलगी लिस्बनला असते. तिच्याकडे मी दोनदा जाऊन राहिलो. पहिल्याच आठवड्यात बसमध्ये ड्रायव्हर एका पोराला काहीतरी दरडावत होता आणि त्या वाक्यात मला स्वच्छ 'पगार' ऐकू आला. प मधला अ आखूड, गा लांब, जोर गा वर. लालबागच्या माणसाच्या तोंडून यावा तसा. मी जागेवरून उठलोच. मुलीच्या शेजारी सालामांकाकडच्या एक वृद्ध स्पॅनिश बाई राहतात. त्यांच्याकडून तोच शब्द मुद्दाम म्हणवून घेतला. त्या म्हणतात 'पागार', दोन्ही आ सारखे मोकळे, आणि मधला ग घशात विरघळलेला. आपला उच्चार लिस्बनचा आहे.

चावीचंही असंच. लॅटिन 'क्लाविस', त्याचं पोर्तुगीजमध्ये झालं 'शाव', जुन्या उच्चारात च नं सुरू होणारं, आणि स्पॅनिशमध्ये 'यावे'. आपल्याकडे आली ती च ची. नाताळ पोर्तुगीज 'नाताल' वरून. स्पेनमध्ये त्याच सणाला नाविदाद म्हणतात. परात, घमेलं, बिजागरी, पाव यांच्याबद्दल लिहायला बसलो तर आपलं पान पुरणार नाही.

आता या शब्दाच्या मुळाकडे जातो, कारण मला खरं सांगायचं आहे ते तिथे आहे.

मी वसईच्या कॅथलिक घरातला. वयाच्या नवव्या वर्षापासून वेदीसेवक होतो. तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असे. मराठी मिस्सा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची, मी शाळा संपवत होतो तेव्हाची. अर्थ न कळता सगळी उत्तरं पाठ होती. 'दोना नोबिस पाचेम', आम्हांला शांती दे. हा 'पाचेम' म्हणजे पाक्स या शब्दाचं एक रूप. चर्चच्या लॅटिनमध्ये इथे च म्हणतात, पण जुन्या रोमन माणसाच्या तोंडी तो क होता. पाक्स म्हणजे शांती, आणि पाकारे म्हणजे शांत करणं. दोन स्वरांमधला क पुढे पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये ग झाला. 'आमिकुस'चा आमिगु, 'लाकुस'चा लागु, तसा 'पाकारे'चा पागार. शेवटचा ए गळला. हे वाचून नवल वाटायचं कारण नाही, आपल्याकडे संस्कृत मकराचा मगर असाच झालेला आहे.

म्हणजे ज्या शब्दानं मी सकाळी देवाकडे शांती मागत होतो, त्याच शब्दाचं पुढे झालेलं रूप मी आयुष्यभर हजेरीपत्रकाच्या माथ्यावर लिहीत होतो. हे मला कळलं वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. त्या रात्री झोप आली नाही.

शांत करण्यावरून पैसे देण्यापर्यंत हा शब्द आला कसा? आधी तो तलवारीचा होता. रोमन सेनापती सीझर गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, आपल्या मोहिमेच्या वृत्तांतात दुसऱ्या भागाच्या शेवटी लिहितो 'ओम्नि गाल्लिया पाकाता', सगळा गॉल शांत झाल्यावर. किती माणसं कापून शांत झाला, ते त्याच भागात आधी लिहिलेलं आहे. नंतरच्या लॅटिनमध्ये हाच शब्द सावकाराच्या दारात आला. ज्याचं देणं आहे तो अस्वस्थ असतो, चिडलेला असतो, दार ठोठावतो. त्याला शांत करायचं, त्याचं समाधान करायचं, ते पाकारे. जुन्या स्पॅनिशमध्ये 'पागादो' म्हणजे संतुष्ट. सीद या वीराच्या मध्ययुगीन काव्यात माणसं 'पागादो' होतात ती खूश होतात, त्यांच्या हातात प्रत्येक वेळी नाणी पडत नाहीत. आजही स्वतःवर खूश असलेल्या माणसाला स्पॅनिशमध्ये 'पागादो दे सी मिस्मो' म्हणतात.

आणि त्याच घरातला 'अपगार'. एका रात्री लिस्बनमध्ये नात म्हणाली, 'अपाग आ लूश', दिवा बंद कर. मी मुलीला विचारलं, यात पगार कुठून आला? तिला सांगता आलं नाही. शब्दकोश काढला तेव्हा उलगडलं. दिवा, आग, तहान शांत करणं म्हणजे अपगार. स्पॅनिशमध्येही तसंच. आता आपल्याकडे बघा. माझ्या शेजारच्या काकू देवघरातली समई विझली असं कधीच म्हणत नाहीत. 'समई शांत झाली' म्हणतात. रोमच्या पोटात जन्मलेला आणि तुळशीवृंदावनाशेजारी जन्मलेला विचार एकच आहे, आणि कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही.

आणखी एक. पाकारे हा शब्द देण्याघेण्यात येण्याआधी रोमन माणूस कर्ज फेडण्याला 'सोल्वेरे' म्हणत असे. सोल्वेरे म्हणजे सोडवणं, गाठ सुटी करणं. आपलं 'फेडणं' काय आहे? वस्त्र फेडतात, ते सोडतात. नवस फेडतात, पांग फेडतात, कर्ज फेडतात. ऋण ही गाठ आहे, ती सुटली पाहिजे. मग लॅटिनमध्ये सोल्वेरे मागे पडून पाकारे पुढे आला. म्हणजे गाठ सोडवण्यापेक्षा समोरच्या माणसाला निववणं महत्त्वाचं ठरलं. तेही आपल्याकडे आहे: भागवणं. बिल भागवतात, कर्ज भागवतात, आणि तहानही भागवतात. 'पगारात भागतं का रे?' हे वाक्य मी पगाराच्या खिडकीतून हजारदा ऐकलं असेल. त्यातले पगार आणि भागणं हे दोन्ही शब्द मुळात एकच गोष्ट सांगतात, एक लॅटिनमधून आणि एक मराठीतून.

पाक्सचंही मूळ बांधण्यात आहे, कारण तह म्हणजे दोघांना बांधणारा करार. अभ्यासक त्याच मुळाशी संस्कृत 'पाश' जोडतात. म्हणजे पत्रलेखकांना जो शब्द परका म्हणून बाहेर काढायचा आहे, त्याचं दूरचं नातं वेदांतल्या वरुणाच्या पाशाशी लागतं.

वेतनाशी माझं भांडण नाही. जुना आणि चांगला शब्द आहे. धर्मशास्त्रात मोजलेल्या अठरा व्यवहारपदांत वेतन न देणं हे एक आहे, म्हणजे राबवून घेऊन दाम न देण्याची तक्रार तेवढी जुनी. कामगारांना वेळेवर पैसे देण्याविषयीच्या १९३६ सालच्या कायद्याच्या मराठी नावातही वेतनच होतं. त्या कायद्यानं हजार किंवा जास्त कामगार असले तर महिना संपल्यावर दहाव्या दिवसाच्या आत आणि त्याहून कमी असले तर सातव्या दिवसाच्या आत पैसे हातात पडले पाहिजेत असं बंधन घातलं. आमच्याकडे हजारावर माणसं, म्हणून दहा तारीख. पण दहा तारखेला वेतन म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. 'पगार झाला' असंच म्हणायचे. आणि घरात फुकट हुकूम सोडणाऱ्याला 'बिनपगारी फुल अधिकारी' म्हणतात, तिथे 'बिनवेतनी' घालून कुणी बोलून बघावं.

दहा तारखेचं गिरणीतलं दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडं सांगतो. आदल्या दोन रात्री आम्ही जागायचो. हजेरी, जादा पाळी, कपात, आगाऊ उचल, सोसायटीचा हप्ता, सगळं उभं-आडवं जुळवायचं, मग पाकिटं भरायची. पाळी सुटली की साचेखात्यातली, कताईखात्यातली माणसं रांगेत. खिडकीत बिल्ला दाखवायचा, सही किंवा अंगठा, पाकीट. बरेचजण पाकीट कपाळाला लावून मग नोटा मोजायचे. गेटबाहेर खानावळवाल्या बाया उभ्या, महिनाभर जेवू घातलेलं घ्यायला. त्यांच्या पलीकडे व्याजाचे पठाण. एक माणूस खिडकीतून पाकीट घेऊन दहा पावलं गेला की त्याच्या हातातून तीन ठिकाणी पैसे जायचे, आणि तरी चाळीकडे जाताना त्याची मान वर असायची. त्याचं देणं भागलेलं असायचं. जो शांत झाला आहे, त्यानं पुढे आणखी चौघांना शांत केलेलं असायचं. पाकारे म्हणजे काय ते मी पुस्तकात वाचण्याआधी असं पाहिलं होतं.

खिडकीच्या आतल्या बाजूला मात्र वेगळी भाषा चाले. 'आम्ही त्यांना पगार देतो' हे वाक्य वरचे लोक असं उच्चारत की जणू दान चाललं आहे. मी तरुण होतो, मलाही ते खरं वाटायचं. शब्दाचं मूळ सांगतं ते उलट आहे. पगार देणारा ऋणको आहे. महिनाभर कामगारानं आपले हात उधार दिलेले आहेत, तो धनको. दहा तारखेला धनकोचं समाधान होतं आणि ऋणको मोकळा होतो. 'वेतन' शब्दात मला हे ऐकू येत नाही. 'सॅलरी'मध्येही नाही. सॅलरी 'साल' म्हणजे मिठावरून आली हे खरं. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ वाटत असत ही जी गोष्ट सगळीकडे सांगतात, तिला प्राचीन ग्रंथांतला पुरावा नाही.

पोर्तुगालात कुणी उपकार केला, की म्हातारी माणसं अजून म्हणतात, 'देऊश ल्य पाग', देव तुझे फेडो. स्पॅनिश बाई म्हणाल्या, आमच्याकडेही 'दिओस से लो पागे' म्हणतात. माणसाच्या ऐपतीपलीकडचं देणं असलं की ते देवाच्या खात्यावर टाकायचं. आमची आजी म्हणायची, 'देव बघेल'.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांचा १ ते १७ जानेवारीचा पगार फेब्रुवारीत द्यायचा होता. बरेच लोक तोवर कोकणात, घाटावर गावी निघून गेले होते. जे येऊ शकले नाहीत त्यांची पाकिटं नेहमीप्रमाणे आम्ही अनपेड रजिस्टरला, म्हणजे न नेलेल्या पगाराच्या नोंदवहीला, चढवली. संप लांबत गेला. गेटवर व्यवस्थापनाची नोटीस लागली होती, तिच्यात 'औद्योगिक शांतता' हे शब्द तीनदा आले होते. सीझरचं वाक्य मी पुष्कळ वर्षांनी वाचलं आणि ती नोटीस डोळ्यांपुढे आली. शांतता हवी होती तर १७ दिवसांचे पैसे घरपोच मनीऑर्डरनं पाठवता आले असते; पत्ते आमच्याकडे होते. मी तसं लिहून दिलं होतं. 'नंतर बघू' असा शेरा मारून कागद परत आला. पुढे गिरणी अर्धवट सुरू झाली, मग बंदच पडली, रजिस्टरं कुठे गेली कुणी सांगेना, आणि विचारायला आलेल्या माणसांना मला रिकाम्या हातानं परत पाठवावं लागलं. त्यातला एकजण संगमेश्वराकडून एसटीनं दोनदा आला होता. दुसऱ्या खेपेला तो काही बोललाच नाही, खिडकीजवळ थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

लिस्बनला मुलीनं विजेचं बिल भरलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं त्यावर एक शिक्का मारला: पागो. चुकतं झालं. तेच पाकातुम, शांत केलेलं. मी तो कागद मागून घेतला आणि वसईला घेऊन आलो. तो ठेवला आहे माझ्या एका कच्च्या वहीत. अनपेड रजिस्टर भरताना पडताळणीसाठी मी नावं या वहीत उतरवून घेत असे, आणि माणूस येऊन पैसे घेऊन गेला की नावापुढे 'चुकता' लिहीत असे. १७ दिवसांच्या त्या पानांवर ४१ नावांपुढची जागा मोकळी आहे.

पत्रलेखकांना माझी विनंती आहे की त्यांनी सवडीनं वसईला यावं. किल्ला दाखवीन, १५३४ च्या तहानं तो मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतला, मधल्या २०५ वर्षांत हा शब्द इथल्या मातीत मुरला. आणि ती वहीही दाखवीन. पहिल्या ओळीत आमच्या हेडक्लार्कच्या वळणदार मोडी-बाळबोध अक्षरात लिहिलं आहे, 'पगार, जानेवारी १९८२'.

आपला,
एक निवृत्त पगार-कारकून
वसई, जि. पालघर